पेवावरची प्रार्थना

आमच्या घरापुढचा ओटा वस्तीत सगळ्यात उंच होता. सांगलीपासून चार कोसांवरचं ते गाव. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे ख्रिस्ती वस्तीची अकरा घरं, आणि त्यांच्या बरोबर मधोमध आमचं, म्हणजे मास्तरांचं घर. कामावरून परतणाऱ्या बाया ओट्यावर घटकाभर टेकायच्या, पुरुष तंबाखू मळायचे, रविवारी उपासना सुटली की निम्मी मंडळी तिथंच गप्पांना बसायची. एवढा उंच ओटा घालायला माती आली कुठून, असं मला कुणी कधी विचारलं नाही. ती मी माझी हुशारी समजत होते.

माती आमच्याच आतल्या खोलीतली होती. त्या खोलीत मी पेव, म्हणजे धान्य साठवायचा भुईखालचा खड्डा, खणवून घेतलं होतं.

असं का केलं, ते सांगायला माझ्या आईपासून सुरुवात करायला हवी. आई दुष्काळातली पोरकी. मिशनच्या लोकांना ती रस्त्याच्या कडेला सापडली आणि साताऱ्याला त्यांच्याच आवारात वाढली. तिचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता, एक येशूवर आणि दुसरा कीड लागू नये म्हणून डाळीच्या डब्यात घातलेल्या राखेवर. ‘असेल माझा हरी’ म्हणत खाटल्यावर बसणारे आमच्या मंडळीतही होते, फक्त ते नाव येशूचं घ्यायचे. त्यांना ती फटकारायची, "देव पाऊस देतो, पण घागर आपली आपल्याला भरून ठेवावी लागते." आमच्या घरात सांडगे, वाळवलेली गवार, चिंचेचे गोळे बारा महिने असायचे. आणि तरी आई रात्रीची भाकरी अर्धी ठेवून उठायची. ती भीती मला आईच्या दुधातूनच आली असावी.

लग्न होऊन मी साताऱ्याहून या गावात आले. मिशनच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, बोलणं शुद्ध, आणि त्याचा ताठा नाकाच्या शेंड्यावर. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून लोक मला मास्तरीणबाई म्हणायचे. आल्या आल्या मी वस्तीत मुठीची चाल सुरू केली. साताऱ्याच्या मंडळीत ती जुनीच होती. दोन्ही वेळा स्वयंपाकाला बसताना प्रत्येक बाईनं पिठाच्या आधी एक मूठ धान्य गाडग्यात बाजूला टाकायचं आणि रविवारी ते गाडगं देवळात आणून मोठ्या कणगीत ओतायचं. आमचं देऊळ म्हणजे शाळेचीच खोली. कणगी एका कोपऱ्यात, तिच्यावर झाकण, आणि झाकणाची राखण माझ्याकडे. कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण आलं की त्या कणगीतून धान्य जायचं. तेव्हा मी देवाचे आभार मानणारी चार वाक्यं बोलायचे आणि लोक पदर डोळ्याला लावायचे. मला ते फार आवडायचं.

मग महायुद्ध आलं. आधी रॉकेल गेलं, मग साखर, मग बाजारातला जोंधळा. एका वर्षी मात्र पीक बरं आलं आणि मिशनच्या पडीक तुकड्यात आम्ही पेरलेला जोंधळा आमच्या वाट्याला भरपूर आला. तेव्हा सासरे जिवंत होते. तरुणपणी त्यांनी सांगलीजवळ हळदीच्या पेवांवर मजुरी केली होती. मी त्यांच्या मागे लागले. मंडळी सगळी उसाच्या तोडणीला गेली होती, त्या दिवसांत सासऱ्यांनी आणि मास्तरांनी आतल्या खोलीत पेव खणलं. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि पोट मोठं. आत जाळ करून ते सुकवलं, कडेनं कडबा आणि भुसा लावला, जोंधळा ओतला, वर पुन्हा भुसा, फरशी, माती. त्यावर मी स्वतः सारवलं.

सारवून झाल्यावर सासरे म्हणाले, "पोरी, ध्यानात ठेव. पेव येकदा फोडलं की समदं काढायचं. दोन पायल्या काढून परत झाकीन म्हनशील तर जमायचं न्हाई. वारं लागलं की दान्यात सोंडं किडं पडत्यात."

"आणि कळणार नाही ना कुणाला?"

ते हसले. "झाकलंय तवर न्हाई. फोडल्यावर साऱ्या गावाला कळतंय. वास लय जबर. भाकरीलाबी येतोय."

मास्तर जवळच उभे होते. ते म्हणाले, "बरं झालं. वस्तीच्या अडीनडीला होईल." मी सारवणावर पुन्हा एक हात फिरवला. माझ्या मनात वस्ती नव्हती. माझी दोन पोरं होती आणि माझी आई होती, रस्त्याच्या कडेला सापडलेली.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. सासरे तोवर वारले होते. जत भागातल्या मिशनचा प्रचारक आजारी पडला म्हणून मास्तरांना पावसाळ्याच्या तोंडाशी तिकडे धाडलं. तिकडे तर मेंढरंसुद्धा तग धरेनात, अशी बातमी होती. निघताना मास्तर आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "वेळ आली की उघड." मी मान हलवली. वेळ कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शेतात काम नाही म्हटल्यावर मजुरी करणाऱ्या वस्तीनं खायचं काय? रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी जोंधळा मिळायचा, तोही कधी मिळायचा आणि कधी नाही. आषाढ संपेतो कणगीचा तळ दिसला. शेवटचं सूपभर धान्य मी एका बाळंतिणीला दिलं आणि देवळात सगळ्यांसमोर कणगी उपडी करून दाखवली. "आता देवच," मी म्हणाले. माझा आवाज सुंदर कापला. पेव तेव्हा शिगोशीग भरलेलं होतं.

श्रावणात एका दुपारी अक्का आली.

ओढ्याकडच्या शेवटच्या घरातली ही विधवा. जतकडची, बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द टाकणारी, म्हणून सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. नवरा प्लेगात गेला तेव्हापासून ती आणि तिची सहा वर्षांची मुलगी, एवढंच घर. ती माझ्याकडे सारवायला यायची, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच मला अंघोळी घातल्या. मुठीचं गाडगं कधी रिकामं न आणणारी वस्तीतली ती एकटी बाई होती, हे मला माहीत होतं. गाडगी मीच ओतून घ्यायचे ना.

"सलाम, बाई," ती दारातून म्हणाली आणि आत येऊन भिंतीशी बसली. मी पोरांना आंबील देऊन बाहेर पिटाळलं होतं. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाई, दोन पायल्या जोंधळा हाय का तुमच्याकडं?"

"अक्का, कणगी तर तू बघितलीस."

"कणगीचं न्हाई म्हनत मी. तुमच्या घरचा. दोन पायल्या झाल्या तर कण्या करून दोन म्हैनं काढीन. फुडं सुगी लागंल, कायबी मिळंल." ती थांबली. "सांगलीच्या मिशन बोर्डिंगच्या बाईंचा सांगावा आलाय. पोरीला आनून सोड म्हनत्यात. तितं दोन येळा जेवाया मिळतंय. पर येकदा नाव घातलं की नाताळचं चार दिस सोडलं तर वरीसभर पाठवत न्हाईत. माझ्याबिगर ती झोपत न्हाई, बाई. माझा कान धरून झोपती."

मागणं एवढंच होतं. दोन पायल्या जोंधळा, आणि पोरगी घरात राहिली असती.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं, ते मी इतकी वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. दोन पायल्यांसाठी पेव फोडायचं, म्हणजे सगळं बाहेर काढायचं. बाहेर काढलं की वास सुटणार, वास सुटला की अकरा घरं दारात येणार. आणि त्या अकरा घरांसमोर मी पंधरा दिवसांपूर्वी कणगी उपडी करून दाखवली होती. शिवाय साठा करणाऱ्यांकडे सरकारी माणसं येतात, अशी आवई होती. ते कारणही मी घाईघाईनं पदरात बांधून घेतलं. पण खरं कारण साधं होतं. मला द्यायचं नव्हतं. माझी पोरं उद्या रडतील म्हणून मला तिची पोरगी आज रडलेली चालत होती.

मी म्हणाले, "माझ्याकडे तरी कुठून असणार गं?"

तिनं बोटाचा पदर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. ते मला बघवेना, म्हणून मी म्हणाले, "ये, आपण प्रार्थना करू."

खोली ती केवढी. बसायची घोंगडी मी नेहमी पेवाच्या तोंडावरच अंथरलेली ठेवायचे, सारवण निराळं दिसू नये म्हणून. त्या घोंगडीवर आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो. मी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि बोलायला लागले. शाळेत मला प्रार्थनेचं बक्षीस मिळालं होतं. मी त्या दिवशी फार चांगली प्रार्थना केली. पाखरांना पोसणाऱ्या बापानं या विधवेकडे बघावं, तिच्या लेकराला भाकरी द्यावी, आम्हाला उद्याची काळजी करू देऊ नये, असं सगळं बोलले. बोलता बोलता मला रडू आलं. ते रडूही खोटं नव्हतं, आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. आमच्या चार गुडघ्यांखाली हात-दीड हातावर दोन घरांना वर्षभर पुरेल एवढा जोंधळा होता आणि मी देवाकडे भाकरी मागत होते.

"आमेन," अक्का म्हणाली. उठताना तिनं तळवा भुईला टेकला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग "येते, बाई" म्हणून गेली.

पुढच्या सोमवारी ती मुलीला घेऊन सांगलीला चालत गेली. वस्तीतल्या बाया ओट्यापर्यंत पोचवायला आल्या. मुलीच्या डोक्याला तेल लावलेलं होतं; कुठून आणलं होतं कोण जाणे. मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. संध्याकाळी अक्का एकटी परत आली आणि ओट्याकडे न वळता थेट घरी गेली.

यापुढचं खरं तर हसण्यासारखं आहे. त्या महिनाभरात आम्हीही उपाशी राहिलो. आता पेव फोडावं तर कोणत्या तोंडानं? मुलगी गेल्यावर आठ दिवसांत मास्तरीणबाईच्या घरातून पेवाच्या जोंधळ्याचा आंबूस वास आला असता तर अक्काला तोंड कुठं दाखवणार होते? पोरं मिलोची आंबील पिऊन पोट धरून बसायची, धाकटा तर भिंतीची माती चाटायला लागला आणि मी त्याला मारलं. ज्या पोरांसाठी मी ते पाप केलं, ती भरल्या पेवावर उपाशी झोपत होती. आई असती तर तिनं माझ्या थोबाडीत दिली असती. घागर भरून ठेव म्हणाली होती ती. घागरीवर बसून राहा म्हणाली नव्हती.

भाद्रपदात मास्तर परतले. वाळून काटकी झालेले. पोरांकडे बघितलं, मग घोंगडीकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून उघडलं नाहीस?"

"तुमची वाट बघत होते," मी म्हणाले. हे दुसरं खोटं, आणि पहिल्याहून सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फरशी काढली. वास सुटला तो ओढ्यापर्यंत गेला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून दिवसभर ते तसंच उघडं ठेवलं आणि तिसऱ्या प्रहरी कंदील सोडून बघितला. तो विझला नाही, तेव्हा मास्तर कमरेला दोर बांधून उतरले. तोवर अकराही घरं ओट्यावर जमली होती. बायांनी न सांगता रांग धरली आणि पाट्या या हातातून त्या हातात सरकायला लागल्या. रांगेत माझ्या शेजारीच अक्का होती. कडेचा जोंधळा काळा पडला होता, मधला मात्र चांगला निघाला. माझ्या हातातली प्रत्येक पाटी तिच्या हातात जात होती.

मास्तरांनी ओट्यावर उभं राहून घरटी वाटणी केली. ते भोळे होते. त्यांना वाटलं होतं तेच ते बोलले. "माझ्या माघारी हिनं स्वतःच्या पोरांच्या तोंडचं राखून हे तुमच्यासाठी जपलं." लोकांचे डोळे भरून आले. एक म्हातारा म्हणाला, "व्हय, आमी बघितलंय की. पोरं मिलोवर काढली बाईनं." माझ्या पोरांची हाडं माझ्या पुण्याईची साक्ष द्यायला निघाली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तोंड उघडलं नाही. पदर सावरून, खाली मान घालून उभी राहिले, आणि लोकांनी तो माझा नम्रपणा समजला.

पुढच्या रविवारी सांगलीहून पाळकसाहेब आले. बायबलातल्या, दिव्याबरोबर तेलही घेऊन गेलेल्या शहाण्या मुलींच्या गोष्टीवर त्यांनी उपदेश केला आणि तशी एक शहाणी बहीण या मंडळीतही आहे, असं सांगून माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. अक्का मागच्या ओळीत बसली होती. तिची मान वळली नाही. उपासना झाल्यावर ती पुढे आली आणि तिनं मुठीचं गाडगं रिकाम्या कणगीत ओतलं. वाटणीत तिला जे मिळालं होतं त्यातलीच मूठ तिनं रोज काढली होती. आठवडाभराच्या मुठी, पेवाच्या वासाच्या.

तिची वाटणी झाली होती, मग मुलीला परत का आणलं नाही? मी मास्तरांना बोर्डिंगच्या बाईंकडे पाठवलं होतं. नाव घातलंय, वर्ष पुरं होऊ द्या, म्हणाल्या. वर्ष पुरं झालं तोवर मुलगी वाचायला लागली होती, आणि अक्काच म्हणाली, आता कशाला मोडा तिची शाळा.

पण त्याआधी, त्याच वर्षी, नाताळच्या सुट्टीत मुलगी चार दिवस घरी आली होती. केस कापलेले, अंगात निळा झगा. मी गुळाच्या करंज्या घेऊन गेले. अक्का चुलीशी होती आणि मुलगी उंबऱ्याशी पाय जवळ घेऊन बसली होती, कुणाच्या घरी पाहुणी आल्यासारखी. "रात्री आईजवळ झोपतेस ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. मला एकटीला झोप येते." अगदी माझ्यासारखं शुद्ध बोलली. मग आईकडे वळून विचारलं, "मला परत घरी कधी सोडणार, बोर्डिंगात?"

अक्का चुलीत फुंकर घालत राहिली. तिथं मला बसवेना. मी उठले, तशी ती मला पोचवायला ओट्याकडे निघाली, रीत म्हणून.

चालता चालता माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, ते पेव... मला सांगायचंय तुला."

"काय सांगताय, बाई. ठावं हाय मला."

"केव्हापासून?"

"जतची हाय मी. आमच्यात घरोघर पेवं. तुमच्यात सारवाया यायची तवाच तितली भुई उशिरा वाळायची. वाटायचं, आसंल. त्या दिशी गुडघं टेकलं आन् भुई दबली. तवा समजलं."

मी रस्त्यातच थांबले. आजही मला त्या प्रश्नाची लाज वाटते, कारण त्यातही मी दोष तिच्यावरच ढकलत होते. मी म्हणाले, "मग तेव्हाच का बोलली नाहीस गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखादं पोर उमगायला वेळ लावतं तेव्हा बघतात, तशी.

"बोलले हुते की, बाई. दोन पायल्या म्हनलं हुतं. तुमी डोळं मिटलं."